पाचशे रुपयांचे मेलेले ढोर

#धागा : मेलेली जनावरे, गावगाडा आणि ‘हक्क’ या शब्दाची फसवणूक

(१) नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की वाटेत मौदा लागते. कन्हानचा काठ, धानाच्या बांध्या, मिरचीची शेते. अशा गावात दावणीचा बैल मेला की मालकाला शोक करायलाही फार सवड मिळत नाही. उन्हाळ्यात काही तासांतच जनावराचे पोट फुगते, माश्या घोंगावू लागतात, दुर्गंधी शेजारच्या अंगणात पोहोचते. तीन-चारशे किलोचे ते धूड. प्रश्न एकच उरतो : उचलणार कोण?

(२) मराठी मुलखातील हजारो गावांना कित्येक पिढ्या हा प्रश्न पडलाच नाही. उत्तर तयार होते : महारवाड्यात निरोप धाडा. दूध, शेण, औत, मोट हे सारे ज्याच्या घरी जमा होत असे, त्याच्या घराचा जनावराशी असलेला संबंध शेवटच्या श्वासाबरोबर तुटत असे. पुढचे ओढणे, सोलणे, हाडे वेगळी करणे हे गावाबाहेरच्या माणसांचे काम.

(३) गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर एक मांडणी लोकप्रिय झाली आहे. ती अशी : बलुतेदारी ही सुरेख श्रमविभागणी होती. प्रत्येक जातीला काम होते, कामाला मोबदला होता. मेलेल्या जनावराचे कातडे हा तर महारांचा राखीव हक्क, एक प्रकारची मक्तेदारीच. सुधारकांनी त्यांना हे काम सोडायला लावले आणि गरिबांच्या हातची मिळकत घालवली.

(४) ही मांडणी नवी नाही. तिचे वय शंभरीच्या घरात आहे. तिला दिलेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर मौद्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, नागपुरात दिले गेले. तारीख १५ ऑक्टोबर १९५६. आदल्या दिवशी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दुसऱ्या दिवशीचे भाषण धर्मांतराची कारणे सांगणारे होते.

(५) त्या भाषणात बाबासाहेब एका जुन्या वादाकडे वळले. ‘केसरी’तून त्यांच्यावर झालेली टीका त्यांनी श्रोत्यांना सांगितली. टीकाकारांचा हिशेब असा होता : गावात वर्षाला अमुक जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खूर, हाडे, मांस यांची किंमत धरली तर सुमारे ५०० रुपये होतात, आंबेडकर लोकांना मेलेली ढोरे ओढू नका असे सांगतात, म्हणजे या गरिबांचे दरसाल ५०० रुपयांचे नुकसान करतात.

(६) बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. तुमच्यातही गरीब आहेत, मुलाबाळांचे धनी आहेत. त्यांनी ढोरे ओढावीत आणि ५०० रुपये मिळवावेत. वर दरसाल आणखी ५०० रुपये बाबासाहेब स्वतःच्या पदरचे देतील. त्यांच्या लोकांचे काय होईल, त्यांना अन्नवस्त्र मिळेल की नाही, याची काळजी ते स्वतः वाहतील. हे आव्हान कोणीही स्वीकारले नाही.

(७) श्रोते या उत्तरावर हसले असतील. पण हा विनोद नव्हता, युक्तिवाद होता. जो धंदा खरोखर किफायतशीर असतो, त्यात बाहेरचे शिरतात. सावकारी, तेलाचा व्यापार, कापसाची दलाली यांत नफा दिसताच नवे लोक उतरले. मेलेल्या ढोराच्या ‘मक्तेदारी’त मात्र सवर्णांनी ढोर ओढण्याचा वाटा मागितला नाही. ज्या मक्तेदारीवर शेजारचा डोळा ठेवत नाही, तिला शिक्षा म्हणणे अधिक खरे.

(८) येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. कातड्यात पैसा होता. १९३४ साली ‘हरिजन’मधील लेखात गांधीजींनी असा अंदाज दिला होता की, भारतातून दरसाल सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते. कानपूरचे चर्मोद्योग, मद्रासकडचे कमावणीचे कारखाने, मुंबईची धारावी ही सारी कातड्यावर उभी राहिली. म्हणजे ५०० रुपयांचा आकडा मुळातच निराधार होता असे म्हणता येणार नाही.

(९) पण तो पैसा कुणाच्या गाठीला लागला? ज्याने ढोर ओढले त्याला गावठी भावाने किंवा धान्याच्या बदल्यात कातडे द्यावे लागे. पुढे कमावणारा, दलाल, अडत्या, निर्यातदार अशी साखळी होती. साखळीत जसजसे वर जावे तसतसा नफा वाढत गेला आणि विटाळ कमी होत गेला. बुटाला विटाळ नाही; कातडे सोलणाऱ्या हाताला मात्र आहे. ‘मिळकत’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बाजारपेठेतला. विटाळ मात्र पुरता गावकुसाबाहेरच राहिला.

(१०) आता ‘हक्क’ या शब्दाकडे. हक्काची एक साधी कसोटी आहे : तो सोडता येतो का? पाटलाला पाटिलकी नको असेल तर त्याला कुणी बांधून आणत नसे. महाराला मात्र ढोर ओढण्यास नकार देता येत नसे. नाकारताच येत नाही अशा हक्काला मराठीत जुना, नेमका शब्द आहे : वेठ.

(११) मुंबई इलाख्यात या वेठीला कायद्याची चौकट लाभली होती. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत चाकरी कायम केली. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते. ‘बहिष्कृत भारत’ मध्ये १९२७ साली बाबासाहेबांनी ‘महार आणि त्यांचे वतन’ या लेखमालेत या चौकटीची चिरफाड केली. कामाला वेळेची सीमा नाही, वतनदार घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने हजर व्हायचे, आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर.

(१२) १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मागणी अशी : जमिनीचा पूर्ण सारा भरण्याची तयारी दाखवणाऱ्यास चाकरीतून मोकळे होऊ द्या, आणि बलुत्याच्या जागी ठरावीक रोख आकारणी ठेवा. काम सोडायची मुभा आणि केलेल्या कामाचा निश्चित पैसा, इतकेच. तरीही विरोध एवढा झाला की विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. व्यवस्था परस्परसंमतीची होती असे मानणाऱ्यांनी या विरोधाचा अर्थ सांगायला हवा. संमतीच्या करारात बाहेर पडण्याचे कलम घालायला कोण घाबरते?

(१३) येथे मौदा आणि नागपूरचा प्रदेश वेगळा पुरावा देतो. भोसल्यांचे राज्य १८५३ नंतर खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला. मुंबईचा १८७४ चा कायदा येथे लागू नव्हता. येथे मालगुजारी होती, गावचा कोतवाल होता. या भागातील पुष्कळ महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणणारी कोष्टी-कामाची माणसे होती. तरीही मेलेल्या ढोराचा निरोप जायचा तो त्यांच्याच वस्तीत.

(१४) कायदा वेगळा, महसूल पद्धत वेगळी, उपजीविका वेगळी. काम मात्र तेच आणि माणसेही तीच. यावरून एक निष्कर्ष टाळता येत नाही. ही ‘व्यवस्था’ वतनाच्या मोबदल्यातून जन्मलेली नव्हती. मोबदला नंतर जोडला गेला. जात आधी होती. श्रमविभागणीचा सिद्धांत खरा असता तर विणकराला ढोर ओढायला बोलावण्याचे कारणच नव्हते.

(१५) नागपूरकडे आणखी एक वेगळेपण होते. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढच्या दशकांत आसपासच्या खेड्यांतून महार तरुण मोठ्या संख्येने गिरणीत गेले. कामठीकडे विड्यांचे कारखाने वाढले. पगार नियमित होता, आणि मुख्य म्हणजे तो गावाच्या हातात नव्हता. ज्याची चूल गावाच्या भाकरीवर पेटत नाही, तो गावाला नाही म्हणू शकतो. विदर्भातील आंबेडकरी चळवळीच्या निर्भयपणामागे भोंग्याचा हा आवाजही आहे.

(१६) जिथे असा आधार नव्हता, तिथे नकाराची किंमत भयंकर होती. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात ती नोंदवली आहे. अस्पृश्यांनी हक्क बजावू म्हटले की त्यांना कसायला दिलेली जमीन काढून घेतली जाई, मजुरी बंद होई, गावकामाचा मोबदला थांबे. बहिष्कार एवढा पक्का की नेहमीची वाट अडवली जाई आणि गावचा वाणी मीठमिरची देईनासा होई.

(१७) या नोंदीपुढे ‘गरिबांच्या मिळकतीची काळजी’ ठेवून पाहावी. महार ढोर ओढत होता तेव्हा त्याच्या मिळकतीचा हिशेब कुणी मांडला नाही. त्याने ओढणे थांबवले त्या क्षणी ५०० रुपयांचे गणित जन्माला आले. आणि काळजी वाहणाऱ्यांच्याच गावांत त्याचे मीठही बंद झाले. काळजी त्याच्या पोटाची नव्हती, आपल्या गोठ्याची होती.

(१८) मग उपाय काय होता? तोही कुणी सांगितला नाही असे नाही. १९-२० मार्च १९२७ ची महाड परिषद चवदार तळ्यासाठी सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या ठरावांत एक साधे आवाहन होते : स्पृश्य हिंदूंनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत. अस्पृश्यांनी मृत मांस खाऊ नये, यासाठी सरकारने कायदा करावा, अशीही मागणी होती. पाणी, शिक्षण, नोकरी यांच्या पंक्तीत मेलेले ढोर बसवले गेले, कारण माणुसकीचा रस्ता त्या ढोरापाशी अडला होता.

(१९) ‘पण ते मांस स्वखुशीने खात होते’ असा एक आक्षेप येतो. उपाशी माणसाच्या पुढ्यात मेलेले ढोर टाकून, त्याने ते खाल्ले की त्यालाच त्याच्या विटाळाचे कारण ठरवायचे, हे तर्कट फार जुने आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मृत मांसभक्षण आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाचा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांतावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र भूक आणि आवड यांतला फरक समजण्यासाठी सिद्धांताची गरज लागत नाही.

(२०) दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कोणतेही काम हलके नसते, म्हणून काम सोडण्यापेक्षा कामाला प्रतिष्ठा द्यावी. गांधीजींची भूमिका ही होती, आणि ती कोरडी नव्हती. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचेच कातडे तेथे कमावले जाई. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी जन्माने ब्राह्मण असून स्वतः मेलेली जनावरे सोलली. ५०० रुपयांचे गणित मांडणाऱ्यांपेक्षा ही माणसे कितीतरी मोठी. त्यांनी निदान हात घातला.

(२१) पण किती जणांनी त्यांचे अनुकरण केले? प्रतिष्ठेचा मार्ग यशस्वी व्हायचा तर गावोगावच्या मालकांनी सुरी हाती घ्यायला हवी होती. तसे झाले नाही. पटवर्धनांचे नाव आजही अपवाद म्हणून घ्यावे लागते, यातच उत्तर आहे. जे काम फक्त एकाच जातीने करायचे, त्याची थोरवी कितीही गायली तरी ते ओझेच राहते. आधी नकाराची मोकळीक, मग कामाची प्रतिष्ठा, हा क्रम उलटा लावता येत नाही.

(२२) चळवळीच्या बाजूलाही एक सल आहे आणि तो झाकू नये. महारांनी काम सोडले तेव्हा अनेक ठिकाणी गावाने फावडे उचलले नाही. त्याने दुसऱ्या एखाद्या दलित वस्तीचा उंबरठा शोधला. एका जातीचा मोकळा झालेला खांदा दुसरीच्या गळ्यात आला. याचा दोष नकार देणाऱ्यांवर टाकणे सोपे आहे. पण महाडचा ठराव ‘दुसऱ्याला बोलवा’ असे सांगत नव्हता. ‘स्वतः पुरा’ असे सांगत होता. तो वाचायचे गावानेच टाळले.

(२३) कायदे यथावकाश बदलले. विदर्भातील मालगुजारी १९५१ साली संपली. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. कागदावरची वेठ गेली. सवय मात्र कागदावर नव्हती, त्यामुळे ती कागदाबरोबर गेली नाही.

(२४) ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी गाडीला बांधून मारले. ज्या कामासाठी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोलावले गेले, त्याच कामासाठी मार बसला. थोड्याच दिवसांत सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे मेलेली जनावरे आणून टाकली गेली. तुमची गाय, तुम्हीच सांभाळा, हा त्याचा अर्थ. २०१८ मध्ये उन्याच्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूरचे १९५६ असे फिरून आले.

(२५) आणि मग २०२२ आले. लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रात हजारो जनावरे दगावली. शासनाने गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. मृत जनावर उघड्यावर टाकू नये, खोल खड्डा खणून चुना घालून पुरावे, अशा सूचना गावोगावी गेल्या. शेतकऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी त्या पाळल्या. जेसीबी आला, खड्डा झाला, जनावर पुरले गेले.

(२६) आकाश कोसळले नाही. कुणाचा धर्म बुडाला नाही, गावगाडा अडला नाही. ५०० रुपयांच्या कातड्याची आठवणही कुणाला झाली नाही. महाडच्या परिषदेने १९२७ साली जे मागितले होते, तेच ९५ वर्षांनी रोगाच्या भीतीने घडले. माणसाच्या मानासाठी जो खड्डा खणणे ‘परंपरेविरुद्ध’ होते, तो विषाणूसाठी एका दिवसात खणता आला.

(२७) म्हणून ‘यंत्र नव्हते, दुसरा इलाज नव्हता’ हेही उत्तर टिकत नाही. फावडे, कुदळ, दोर आणि चार माणसे प्रत्येक गावात होती. त्याच गावांनी दगड फोडून विहिरी खणल्या, तळी बांधली, बांध घातले. मेलेल्या बैलापुरता खड्डा खणणे त्यांना अशक्य नव्हते. खड्ड्यात उतरणारे हात कुणाचे, इतकाच प्रश्न होता.

(२८) आज मौद्याच्या एखाद्या शिवारात बैल मेला तर काम कोणत्या मार्गाने होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे. मालक स्वतः पुरतो की पंचायतीची गाडी येते? गाडीवर चढणारे मजूर कोणत्या वस्तीतून येतात? त्यांना हातमोजे मिळतात का, ठरलेली मजुरी मिळते का, नाही म्हणता येते का? यंत्र आले म्हणजे जात गेली असे होत नाही. यंत्राच्या मागे दोर बांधायला कुणाला बोलावतात, तेथे ती दिसते.

(२९) आणि पुढच्या वेळी ‘कातडे हा त्यांचा हक्क होता’ असे कुणी लिहिले तर चर्चेला फार संदर्भ लागणार नाहीत. १५ ऑक्टोबर १९५६ ची ती देकार पुरेशी आहे. फायदा तुमचा, वर ५०० रुपये. सत्तर वर्षे होत आली. अजून त्या पैशाला कुणी हात लावलेला नाही.

धागा समाप्त.